पुठ्ठ्याचं शहर आणि उद्याचं सोलापूर

कांडीवाली (धागाकर्ती)

मंडळी, हा धागा कितीतरी वर्षं डोक्यात घोळतोय. आता शाळेत एक काम हाती घेतलंय, त्यात तुमची मदत लागणार आहे, म्हणून एकदाची लिहायला बसले.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझे वडील जॅकार्डच्या, म्हणजे चादरीत नक्षी विणणाऱ्या मागाच्या, डिझाइनचे ग्राफ काढायचे. चौकटी-चौकटींचा मोठा कागद, त्यात लाल पेन्सिलीनं एकेक घर भरत जायचं. भरलेलं घर म्हणजे मागावरच्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक, आणि भोक म्हणजे ताण्यातला तेवढा उभा धागा वर उचलला जाणार. एकदा मोराचा ग्राफ चालला होता. मी म्हटलं, "नाना, मोर असा तुटक तुटक का दिसतोय?" ते म्हणाले, "हे चित्र नव्हे गं. अजून न विणलेली चादर आहे ही."

हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते २०१८च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. भावाकडे सुट्टीला गेले होते, परतायला चार दिवस उरले होते. तिथं बोडिस इसेक किंगेलेझ या काँगोच्या कलावंताचं प्रदर्शन नुकतंच सुरू झालं होतं. दालनात शिरले आणि पायच थांबले. पुठ्ठा, रंगीत कागद, वेष्टनं, थंड पेयांचे डबे, बाटल्यांची झाकणं यांतून उभी केलेली शहरं! गुलाबी मनोरे, जिन्यांसारख्या चढत गेलेल्या इमारती, कमानी, नक्षत्रांसारखी छपरं. एक इमारत जवळून बघितली तर खिडकीची प्रत्येक पट्टी ब्लेडनं कापून हातानं चिकटवलेली. दुसऱ्या इमारतीच्या कडेला गोंदाचा एक वाळलेला थेंब तसाच राहिला होता. त्या थेंबापाशी मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वहीवर असतो तस्साच थेंब होता तो.

किंगेलेझ १९४८ साली किंबेंबेले इहुंगा नावाच्या खेड्यात जन्मले. १९७०च्या सुमारास किन्शासाला आले, काही काळ शाळेत शिकवलं. मग हातातलं काम सोडून घरात बसून कागदाची इमारत केली आणि ती तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात दाखवायला नेली. लोकांना पटेना की ही यांनीच केली. चोरून आणली असणार, असं वाटलं त्यांना. मग समोर बसवून दुसरी करायला लावली. ती बघितल्यावर तिथंच जुने मुखवटे दुरुस्त करायच्या कामावर घेतलं. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम गेलं, आणि २०१५ साली ते वारले. न्यूयॉर्कचं प्रदर्शन बघायला ते नव्हते.

त्यांनी आपल्या खेड्याचंही एक शहर केलंय, १९९४ साली. स्टेडियम आहे, उंच इमारती आहेत, रुंद रस्ते आहेत. १९९६ सालचं 'विल फँटोम', म्हणजे भुताचं शहर, तर साडेपाच मीटरहून लांब आहे. या शहराला पोलीस नाही, सैनिक नाही, डॉक्टरही नाही, कारण तिथं कुणाला त्यांची गरजच पडत नाही, असं ते सांगायचे.

परत आल्यावर मी आठवीच्या वर्गाला विषय दिला, 'पन्नास वर्षांनंतरचं सोलापूर'. आणि निराश झाले. जवळजवळ प्रत्येक चित्रात काचेचे मनोरे, उडत्या गाड्या, मेट्रो. टीव्हीत दिसतं ते. पुढं काही वर्षं हा विषयच घेतला नाही. यंदा प्रश्न बदलला. म्हटलं, शहर नंतर काढा, आधी घरात काय नकोय ते सांगा. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, आमचे अप्पा रात्रपाळीवरनं आले की त्यांना ऐकू येत नाही. ओरडून बोलावं लागतंय. मागाचा तेवढा आवाज नको." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "अम्माच्या मांडीवर सूप नको." बिडी वळायचं सूप. सकाळी उठल्यापासून तिनं आईची मांडी रिकामी बघितलेली नाही.

त्या दिवसापासून मुलं जे करताहेत ते मला जगातल्या कुठल्याही दालनात ठेवण्याजोगं वाटतंय. एक बंद पडलेली मागाची शेड काही दिवसांसाठी मिळतेय, तिथं प्रदर्शन लावायचं आहे. तुम्हाला विचारायचं एवढंच: उद्याचं सोलापूर मांडताना या मुलांच्या हातात आपण काय द्यायचं? आणि हे द्यावं की नाही, अशी शंका कुणाला असेल तर तीही मोकळेपणानं लिहा.

मागावरचा

ताई, लिहिलंय फार मनापासून. म्हणून मीही मनातलं लिहितो, राग मानू नका.

मी बावीस वर्षं मागावर काढली. माझे चुलते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली तेव्हा ते पंचेचाळीसचे होते. भोंगा वाजायचा थांबला तरी सकाळी त्याच वेळेला उठून, अंघोळ करून, डबा घेतल्यासारखं दारात उभे राहायचे. अशा घरातल्या पोराला 'सुंदर शहर काढ' म्हणायचं आणि चार दिवसांनी ते शहर पोत्यात भरून ठेवायचं, याचा त्रास होतो मला. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाणी आलं की कामाला दांडी, शाळेला दांडी. पिंप, घागर, बादली, सगळं भरायचं. आधी पाणी द्या, मग शहर काढू.

न्यूयॉर्कमध्ये तिकीट काढून लोक ते पुठ्ठ्याचं गाव बघून गेले. किन्शासाला त्यातलं काय मिळालं?

कांडीवाली

@मागावरचा, दादा, राग कसला. तुमच्या चुलत्यांचं वाचून घशाशी आलं.

किन्शासाला काय मिळालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण पाण्याचं सांगते. वर्गातल्या तीन गटांनी पाण्यावरच काम केलंय. एका गटानं घरात एकही पिंप न दाखवलेलं घर केलंय. मी विचारलं, इतकी जागा मोकळी का? म्हणाले, "बाई, पिंपं गेली ना, आता तिथं अभ्यासाला बसायचं." हे मला सुचलं नसतं. नळाला रोज पाणी येणं म्हणजे त्यांच्यासाठी एक खोली वाढणं आहे.

हेगमधून

मी मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळची. आता हेगला असते. इथल्या कुन्स्टम्युझियममध्ये कॉन्स्टंट निउवेनहाउस या डच चित्रकाराच्या 'न्यू बॅबिलॉन'ची मॉडेल्स आहेत. मागावरचा यांचा प्रतिसाद वाचला आणि पहिली आठवण याचीच झाली.

१९५६ ते १९७४, जवळजवळ वीस वर्षं हा माणूस एकाच शहराची मॉडेल्स, नकाशे, चित्रं करत राहिला. सुरुवात झाली इटलीतल्या आल्बा गावात. तिथं भटक्या जमातीच्या लोकांना गावाबाहेर हाकललं होतं. नदीकाठी त्यांचा तळ बघून त्यानं त्यांच्यासाठी एका छताखाली हवा तसा बदलता येईल असा तळ कल्पिला. तिथून ते शहर वाढत गेलं. तार, ॲक्रिलिकचे तुकडे, लाकूड यांची मॉडेल्स आहेत. खांबांवर तोललेलं, जमिनीच्या वरून पसरत जाणारं शहर. त्याचं म्हणणं असं की यंत्रं सगळं काम करतील, माणूस कामातून सुटेल आणि उरलेलं आयुष्य खेळेल, भटकेल, आपलं घर रोज नवं रचेल. कुणी एका जागी बांधलेलं नाही, जमीन कुणा एकाची नाही.

मागे आई इथं आली होती, तिला दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि यंत्र कुणाचं?"

मागावरचा

@हेगमधून, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मलाही तेच विचारायचं होतं.

आमच्याकडे साध्या मागावर एक माणूस दोन-चार माग बघायचा. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाणार, कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की गाठ मारायची. आता रेपियर माग आले. त्यात धोटाच नाही. वेगही जास्त, माणसंही कमी. काम सुटलं हे खरं, पण खेळायला कुणी गेलं नाही. कुणी रिक्षा धरली, कुणी पुण्याला वॉचमन झालं.

त्या डच माणसाला हे कळलं होतं का?

हेगमधून

पुढं-पुढं कळलं असावं, असं त्याची शेवटची चित्रं बघून मला वाटतं. आधीची चित्रं हलकी, मोकळी आहेत. नंतरच्या चित्रांत तीच मोकळी दालनं, पण त्यांत झटापट आहे, रक्ताचे डाग आहेत. त्यानं ती लपवली नाहीत. आपल्या स्वप्नातली भीतीही त्यानं त्याच कागदावर काढली. म्हणून मला तो खोटा वाटत नाही.

कांडीवाली, मुलांना हेही करू द्याल का? तुमच्या शहरात काय बिघडू शकतं, ते?

सोन्नलगी

आमच्या घरी कन्नड, बाहेर मराठी. म्हणून आपल्या गावाच्या जुन्या नावाचा आयडी घेतलाय.

उद्याचं सोलापूर मांडायचं तर आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीच्या उद्यापासून सुरुवात करा. बाराव्या शतकात सिद्धरामांनी इथं तळं खणायला घेतलं. राजानं वेठीला धरून खणवलं नाही, लोक श्रद्धेनं पाटी-कुदळ घेऊन आले. माळरानाच्या कोरड्या गावात पाणी साठेल, तिथं माणसं राहतील, ही त्या वेळची कल्पनाच होती. ती आज सिद्धेश्वर तलाव म्हणून आपल्यासमोर आहे. संध्याकाळी तिथं भेळ खाताना आपण एका माणसाच्या स्वप्नाच्या काठावर बसलेलो असतो.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. शरण, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगतात की संत अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि त्यांनी हाक मारली, "कुठे आहे तो वड्ड सिद्धराम?" वड्ड म्हणजे माती खणणारा. काम करणारी माणसं चिडली, दगड घेऊन धावली. अल्लमांचं म्हणणं असं होतं की तळी, देवळं बांधून गाव सुंदर केलंस, आतलं काय केलंस? दोघांचा मोठा संवाद झाला. पुढं सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपात गेले. चांभार, नावाडी, परीट, राजाचा मंत्री, बायका-पुरुष तिथं एका रांगेत बसून बोलत. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रेनं, म्हणजे वचनातल्या सहीनं, सिद्धरामांनी लिहिलेली वचनं आजही घरी म्हणतो आम्ही.

तळं खणणारा आणि 'तळ्यानं काय होणार' असं विचारणारा, दोघंही लागतात. या धाग्यावर मागावरचा दादांनी अल्लमांचा प्रश्न विचारलाय, असं मी मानतो.

मागावरचा

@सोन्नलगी, एवढी मोठी उपमा मला नको. पण वड्ड म्हटल्यावर दगड घेऊन धावलेली माणसं मला कळतात.

अक्षता_ग

सुंदर धागा. ऑफिसात वाचत होते, घरी येऊन लिहितेय.

मुलींच्या बाजूनं एक जोडते. १९०५ साली बंगालमध्ये रुकैया सखावत हुसेन या बाईंनी इंग्रजीत एक गोष्ट लिहिली, 'सुल्तानाज् ड्रीम'. मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात ती छापून आली. त्यात बायकांचं राज्य आहे. पुरुष पडद्याआड आहेत. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, चुलीचा धूर नाही. आणि पाणी? विद्यापीठातल्या बायका एक मोठा फुगा हवेत सोडतात आणि त्याला जोडलेल्या नळ्यांतून ढगांतलं पाणी हवं तेवढं खाली ओढतात. सोलापूरच्या बाईनं हे वाचलं तर तिला ही परीकथा वाटणार नाही, तक्रार अर्ज वाटेल.

ब्रुकलिनच्या चित्रकार चित्रा गणेश यांनी २०१८ साली या गोष्टीवरून २७ लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून उठवलेले ठसे, केले. मला त्यांतलं आवडतं ते हे, की शंभरेक वर्षांपूर्वीची कल्पना त्यांनी जशीच्या तशी सजवून ठेवली नाही, आजच्या उद्ध्वस्त शहरांचे, घर सोडून निघालेल्या लोकांचे संदर्भ त्यात आणले.

लिनोकट आठवीच्या मुलांना सहज जमतो, हेही सांगून ठेवते. लिनोलियम नाही मिळालं तर जुन्या चपलेचा रबरी तळ चालतो, मी शाळेत असताना केलाय. कटर हाताबाहेर सरकतो, तेवढं बघा. डावा हात नेहमी कटरच्या मागे.

भीमाकाठ

१९३० राहिलं की ओ!

गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. ८ मे १९३० ला गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर इंग्रजांचे पोलीस आणि अधिकारी शहरातून बाजूला झाले, आणि ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस सोलापुरावर इंग्रजी सत्ता नव्हती. रहदारी, बंदोबस्त स्वयंसेवकांनी सांभाळला. गिरणी कामगारांचं गाव, कडक उन्हाळा, आणि सरकार नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आपण रोज चार हुतात्मा चौकातून जातो ते यांचे पुतळे.

किंगेलेझच्या शहरात पोलीस नाहीत असं ताईंनी लिहिलंय. आपल्याकडे ते तीन दिवस खरंच होतं. आजोबा सांगायचे, त्या दिवसांत त्यांच्या आईनं दार उघडं टाकून झोपायला सुरुवात केली होती, आणि मार्शल लॉ लागल्यावर दिवसाही कडी लावून घ्यायची. मुलांना हुतात्म्यांची चित्रं दरवर्षी काढायला लावतात. त्या तीन दिवसांचं शहर कुणी काढायला सांगत नाही. रस्त्यात कोण उभं होतं, दुकानं उघडी होती का, दिवे कुणी लावले?

आणखी एक. संत रविदासांनी 'बेगमपुरा' नावाचं नगर वर्णिलंय. बे-गम, म्हणजे जिथं दुःख नाही. तिथं कर नाही, भीती नाही, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा माणूस नाही. आमच्या भीमाकाठी बेगमपूर नावाचं गाव आहे, त्याचा या बेगमपुऱ्याशी संबंध नाही. पण एसटीतून जाताना पाटी दिसली की मला रविदासच आठवतात.

रेघोटी

मी आर्किटेक्ट, शिक्षण सोलापूर, काम पुणे.

माझ्या कॉलेजात आदर्श वसाहतींची उदाहरणं सगळी परदेशातली असायची. आपल्या सोलापूरजवळच्या कुंभारीचं नाव कुणी घेतलं नाही. बिडी कामगार बायकांसाठी तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते लोकार्पण झालं. पुढं त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगर, ३० हजार घरांचं. त्यातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका मोर्चे काढतात, मागणी लावून धरतात आणि शेवटी स्वतःच्या नावावरच्या दारात उभ्या राहतात. ही गोष्ट कुठल्याही संग्रहालयातल्या शहराहून मला मोठी वाटते.

मी तिथं एका घरी मोजमाप घ्यायला गेले होते. बाईंनी पुढच्या खोलीत सिमेंटमध्ये तुळशीवृंदावनासारखी छोटी बैठक करून घेतली होती. म्हटलं, ही कशाला? म्हणाल्या, "इथं ऊन येतंय सकाळचं. पानं कापायला बरं पडतंय." तेंदूच्या पानाला कात्री लावायला उजेड लागतो, हे आम्हा नकाशा काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. घर मिळालं तरी बिडी सुटलेली नाही. तुमच्या वर्गातल्या मुलीचं 'सूप नको' हे त्या नकाशाच्या पुढचं पाऊल आहे.

शेडबद्दल. जर्मनीत एस्सेनला त्सोलफेराइन नावाची अवाढव्य कोळसा खाण होती, १९८६ साली बंद झाली. शेजारचा कोक कारखाना १९९३ साली. तो पाडला नाही. त्याच्या मिठाच्या गोदामात आज इल्या आणि एमिलिया कबाकोव्ह या जोडप्याचा 'पॅलेस ऑफ प्रोजेक्ट्स' कायमचा मांडलाय. शंखासारखी वळत जाणारी लाकूड-कापडाची वास्तू, आतून उजळलेली, आणि आत ६५ 'प्रकल्प'. जग कसं सुधारावं, स्वतःला कसं सुधारावं, याच्या सामान्य माणसांनी सुचवल्यासारख्या युक्त्या. प्रत्येकासाठी टेबल, खुर्ची, मॉडेल, कागद. एका प्रकल्पात पांढऱ्या कापडाचे पंख आहेत, चामड्याच्या पट्ट्यांनी पाठीला बांधायचे. खोलीचं दार लावून, ते घालून, काही न करता पाच-दहा मिनिटं बसायचं. दर दोन तासांनी. एवढाच उपाय.

बंद कारखान्यात, जिथं माणसं घाम गाळून गेली, तिथं हे बघताना कामगारांची चेष्टा होतेय असं वाटत नाही. प्रत्येक मॉडेलपुढं बसायला खुर्ची आहे, म्हणून असेल. कांडीवाली, तुम्हीही खुर्च्या ठेवा. लोक उभ्या उभ्या बघून जातात, बसले की वाचतात.

कांडीवाली

@रेघोटी, खुर्च्यांचं पक्कं. शाळेतली लाकडी बाकं आणते. पंखांचं वर्गात सांगितलं तर एका मुलानं विचारलं, "बाई, अप्पांना घालून बसवू का?" त्याचेच वडील, ऐकू न येणारे.

@हेगमधून, 'काय बिघडेल' हेही विचारलं. एका मुलीनं लिहिलं, "आवाज न करणारे माग आले तर मालक रात्रीपण शेजारी चालू ठेवतील, कोण भांडणार नाही." तेरा वर्षांची आहे.

@भीमाकाठ, तीन दिवसांच्या शहराचा एक गट सुरू केलाय. मुलं आपापल्या घरी आजी-आजोबांना विचारून येणार आहेत. फार उशीर झालाय याची जाणीव आहे, ज्यांनी बघितलं ती पिढी गेली. पण ऐकलेलं ज्यांच्याकडे आहे ते अजून आहेत.

पुस्तकबांधणी

बाइंडिंगचं काम करतो, तीस वर्षं. मोठ्या गोष्टींवर बोलायला मी नाही, पण पुठ्ठ्यावर बोलू शकतो.

वर्तमानपत्राचा कागद वरून लावू नका, उन्हात महिन्याभरात पिवळा पडतो आणि मग कडा झडतात. आत भरायला चालेल. पुठ्ठा चादरीच्या खोक्यांचा घ्या, चांगला कडक असतो, बाजारात फुकट मिळेल. खळ लावणार असाल तर कसर आणि झुरळं येतात. आम्ही खळीत मोरचूद घालतो, पण ते विषारी, मुलांच्या हाताशी अजिबात नको. पांढरा गोंद बरा. ग्लू गननं चिकटवलेलं पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला सुटतं, मऊ होऊन सगळी इमारत एका बाजूला कलते. जानेवारीत करा. गड्ड्याच्या जत्रेला शहर तसंही बाहेर पडलेलं असतं, नंदीध्वज बघायला खेड्यांतनं माणसं येतात, त्यांतली काही वळतील तिकडे.

जमिनीवर थेट ठेवू नका, वाळवी. विटांवर फळ्या. आणि प्रदर्शन झाल्यावर पोत्यात भरणार नाही, एवढं बघा. मागावरचा म्हणाले ते मला लागलं. खोकी मी बांधून देतो, प्रत्येक इमारतीच्या मापाची, झाकणासकट. पैसे नकोत.

मागावरचा

दोन दिवस काही लिहिलं नाही. विचार करत होतो.

पुतणीला, म्हणजे त्याच चुलत्यांच्या नातीला, हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "काका, तुम्हाला काय नको ते तुम्ही लिहिलंच नाही." खरंय. सगळं काय नाही ते लिहिलं, काय नको ते नाही. मग बसून विचार केला. मला रविवार संध्याकाळची भीती नको. सोमवारी माग चालू होईल की मालक 'सूत नाही, हा आठवडा राहू दे' म्हणेल, ही भीती. बावीस वर्षांत एकही रविवार संध्याकाळ मी निवांत जेवलेलो नाही. याचं मॉडेल कसं करायचं मला ठाऊक नाही. तुमच्या पोरांना विचारा, त्यांना सुचेल.

माझ्याकडे जॅकार्डचे जुने पत्ते आहेत, दोन पोती. भंगारात जाणार होते. जाड पुठ्ठा आहे, भोकं पाडलेली. ताई, तुम्ही म्हणालात ना, भोक म्हणजे धागा वर उचलणार. त्याच्या भिंती केल्या तर आत दिवा लावल्यावर उजेड छान पडेल. कोणत्या चादरीचे पत्ते आहेत ते मला आता सांगता येणार नाही. तुमचे नाना असते तर नुसतं बघून सांगितलं असतं त्यांनी.

कांडीवाली

दादा, नाना दोन वर्षांपूर्वी गेले. पण त्यांचे ग्राफ आहेत माझ्याकडे, ट्रंकभर. पत्ते आणलेत तर आपण दोघं मिळून जुळवून बघू. जुळला एखादा, तर चादरच कळेल कोणती ते.

मुलांना तुमचं रविवारचं वाचून दाखवलं, तुमचं नाव न घेता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग 'सूप नको' म्हणालेली मुलगी पुढं आली आणि म्हणाली, ती एक घर करेल, त्यात फक्त संध्याकाळ असेल. खिडकीतून नारंगी कागद, आत ताट वाढलेलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि भिंतीवर कॅलेंडर नाही. मी विचारलं, कॅलेंडर का नाही? "मग सोमवार कधी आहे ते कळणार नाही ना बाई."

त्या घराच्या भिंतींना तुमचे पत्ते लावायचे ठरलंय.

शेडची चावी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मिळतेय. आत दोन माग अजून आहेत, ते हलवायचे नाहीत असं मालकांना सांगितलंय, त्यांच्यावरच फळ्या टाकू. झाडलोट पुष्कळ आहे, सुताची धूळ बोटभर साठलीय. तोंडाला रुमाल आणा. @पुस्तकबांधणी, मापं घ्यायला तुम्ही दुपारी आलात तरी चालेल. @अक्षता_ग, तुम्ही सोलापुरात असाल तर लिनोकटचे दोन तास मुलांना द्याल का?